दोरीच्या अलीकडे

पोहण्याच्या तलावाच्या शिडीवर तिसऱ्या पायरीवर पाय टेकवून ती थांबली. "अगं, हळू!" ही बाकावरची हाक आज आली नव्हती. तिने वळून पाहिलं. बाकावर पिशवी होती, घडी घातलेला टॉवेल होता, पण सासूबाई नव्हत्या.

आजच आठवा महिना लागला होता, आणि "आठवा लागला की पोहणं बंद" असं सासूबाईंनी कधीच बजावून ठेवलं होतं. डॉक्टरांनी खुशाल पोहा म्हटलं होतं. पण सासूबाईंच्या लेखी डॉक्टर म्हणजे, "त्यांचं काय जातं? सांगून मोकळे!" नवऱ्याने एकदा मध्ये तोंड घालून पाहिलं आणि तो जन्माची अद्दल घडल्यासारखा गप्प बसला. शेवटी तडजोड झाली ती अशी, की सुनेने पोहायचं आणि सासूने काठावर पहारा द्यायचा. संध्याकाळी बायकांच्या वेळेत सासूबाई त्या बाकावर बसत. सुनेचं डोकं पाण्याखाली गेलं की त्यांचा श्वास अडके, वर आलं की सुटे. अर्ध्या तासात पोहणारीपेक्षा त्याच जास्त दमत.

तिचा मात्र या अर्ध्या तासात जीव होता. दिवसभर कंबर बोलायची, पाय सुजायचे. पाण्यात उतरलं की कुणीतरी हातातलं ओझं घेतल्यासारखं वाटायचं. आता तेही जाणार.

गेले पंधरा दिवस सासूबाई आणि पोहायला शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात कुजबुजत, ती आली की गप्प होत. त्यात सासूबाई सकाळी लिंबं आणायला म्हणून बाहेर पडत आणि दीड तासाने चार लिंबं घेऊन परतत. काहीतरी शिजतंय, हे तिने ओळखलं होतं.

"बाई, माझ्या सासूबाई कुठे गेल्या?"

बाईंनी हसू दाबत कपडे बदलायच्या खोलीकडे बोट दाखवलं.

ती पाण्यात उतरली, तोच दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. अंगात गुडघ्याखालपर्यंतचा काळा पोहण्याचा पोशाख, डोक्याला घट्ट निळी टोपी. कुणाकडेही न बघता त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या आणि तिच्याशेजारी छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या.

"आई! तुम्ही?"

"तोंड मिट आधी, पाणी जाईल."

"पण तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना?"

"वाटते की. आत्ताही वाटतेय." त्यांनी कठडा सोडला नव्हता. "पंधरा दिवस रोज सकाळी येतेय. नाकातोंडात किती पाणी गेलं, ते विचारू नकोस."

"पण कशासाठी?"

"त्या बाकावर बसून रोज एकच मनात यायचं. तुला काही झालं तर मी नुसती ओरडणार. ओरडून काय होतंय?"

तिला एकदम भरून आलं. तिने तोंडावर पाणी मारून घेतलं.

"आज आठवा लागला, आई."

"माहितीये. म्हणून तर घाई केली." त्यांनी उथळ आणि खोल पाण्याच्या मध्ये बांधलेल्या लाल दोरीकडे हनुवटीने खूण केली. "मला अजून तिथवरच येतं. तू दोरीच्या अलीकडे पोह. पलीकडचं शिकले की सांगीन."

ती रोज खोल बाजूला जाणारी. त्या संध्याकाळी मात्र ती दर वेळी दोरीला हात लावून परत फिरली.