अंगठ्याची विद्या

पोलादपूरच्या वर डोंगरात जी वाडी आहे, तिथं श्रुतिकासारखा मोबाईल कुणालाच चालवता येत नाही, यावर दोन्ही आळ्यांचं एकमत होतं. एरवी त्यांचं नळाच्या पाण्यावरूनही पटत नाही. रेशनचं, गॅसचं, पोरांच्या दाखल्याचं, वाडीच्या मुंबईतल्या मंडळाला धाडायच्या निरोपांचं, सगळं तिच्या अंगठ्यावर चालायचं. चुलीवर भात ठेवून ती अर्ज भरायला घ्यायची आणि भात शिजायच्या आत अर्ज गेलेला असायचा. एखादा शहाणा म्हणालाच की ही कामं कॉम्प्युटरवर करतात, तर ती हसायची. कॉम्प्युटर आता वापरतंय कोण? तिचं खरंच होतं. वाडीत कॉम्प्युटर एकच, शाळेतला, आणि तो बंद पडून गुरुजींनी त्याच्यावर चादर घातली त्याला वर्षं लोटली होती.

मग मंगेश पडला. मंगेश तिचा नवरा, महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. दुसरी पाळी करून येताना वळणावर मोटरसायकल घसरली, मणका दुखावला, आणि हिंडता फिरता माणूस आडवा झाला तो झालाच. ऑपरेशन केलं तर पायावर उभा राहील, नाहीतर असाच, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्यातली तारीखही दिली. पण उपचार सगळे विम्याच्या कार्डावर, आणि घरातलं कुणीतरी कंपनीच्या पटावर असेल तोवरच ते कार्ड चालायचं. मंगेशचं नाव महिनाअखेरीला कटणार होतं. कंपनीनं मेहरबानी केली. फाटकाजवळच्या ऑफिसात गाड्यांची नोंद ठेवायला माणूस हवं आहे, बायकोला येऊ दे म्हणाले. फक्त परीक्षा द्यावी लागेल, कॉम्प्युटरवर.

श्रुतिकानं त्याच दिवशी कॉम्प्युटरचा क्लास शोधायला घेतला. हातात जेमतेम आठवडा. पोलादपूरचा क्लास बंद पडून तिथं आता केक मिळत होते. महाडला दत्ताराम नावाच्या गृहस्थांचा क्लास आहे असं कळलं, म्हणून ती एसटीनं तिथं गेली, तर पाटी तीच आणि आत मोबाईलची कव्हरं टांगलेली. महापुरात मशिनं बुडाली, दत्ताराम म्हणाले, आणि नवी घ्यावी तर शिकायला येतंय कोण? पण माणूस बरा. माळ्यावरून एक जुना कीबोर्ड काढून त्यांनी पुसला, एक वायर दिली आणि तिच्याच मोबाईलला जोडून दाखवला. अक्षरं इथं तिथं सारखीच, म्हणाले. तिला देव भेटल्यासारखं झालं.

मग घरात दुसरं काही नाही. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवायचा, कीबोर्ड मांडीवर घ्यायचा आणि टकटक सुरू. अंगठ्यांना जे लीलया जमायचं ते बाकीच्या बोटांना काही केल्या जमेना. तिची सासू आवडी पुढ्यात भाकरी ठेवून जायची आणि तशीच उचलून न्यायची. मंगेश पडल्या पडल्या जुन्या पेपरातलं वाचून सांगायचा, ही उतरवायची, तो चुका काढायचा. भांडणंही झाली. पण आठवडा सरता सरता बोटं चालायला लागली. मंगेश डोळे मिटून ऐकत होता. "पत्र्यावर पाऊस पडल्यावानी वाजतंय गो," तो म्हणाला. पडल्यापासून इतकं गोड तो बोलला नव्हता.

परीक्षा घ्यायला कंपनीच्या शर्मिला मॅडम होत्या. पाच-सहा जण बसले होते. छापलेलं एक पत्र समोर ठेवून त्या म्हणाल्या, जसंच्या तसं उतरवा, झालं की बंद करून बाहेर बसा. सवयीनं श्रुतिकानं पहिल्यांदा बोट पडद्यालाच लावलं आणि शेजारची मुलगी गालात हसली. हसू दे. माऊस थोडा पळाला, मग वठणीवर आला. कीबोर्ड तर आता सवयीचा झालेला. पत्र उतरलं, तिनं दोनदा ताडून पाहिलं, एक काना इकडचा तिकडे नाही. बाकीचे अजून खाली माना घालून बसले होते. तिनं कोपऱ्यातली फुली दाबली.

तशी पडद्यावर एक चौकट उगवली आणि इंग्रजीत काहीतरी विचारू लागली.

असल्या चौकटी तिच्या ओळखीच्या. मोबाईलवर रोज उगवतात, हे डाउनलोड करू का, ते दाखवू का, परवानगी द्या. वाडीतल्या मुरारी आबांनी अशाच एका चौकटीला हो म्हटलं आणि बँकेतलं होतं नव्हतं ते गेलं. तेव्हापासून तिनं साऱ्या वाडीला पढवून ठेवलं होतं, आपण न बोलावता कोण काय विचारायला आलं तर नाय म्हणायचं. लिहिलेलं ठेवा असं यंत्राला वेगळं सांगावं लागतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मोबाईल बिचारा लिहिलेलं आपणहून सांभाळतो. तिनं नाही म्हटलं. चौकट गेली आणि ती हलक्या जिवानं बाहेर बाकावर येऊन बसली.

मॅडमनी आत बोलावलं. "ताई, तुमच्या मशिनवर काहीच नाही."

सगळं लिहिलंय, ती म्हणाली. मॅडमनी इकडे शोधलं, तिकडे शोधलं, मग चौकटीचं विचारलं आणि कपाळाला हात लावला. श्रुतिकानं परत खुर्ची ओढली. पुन्हा लिहिते म्हणाली, तर वेळ संपली होती आणि दुसरी तुकडी दारात उभी होती. मग तिनं काय केलं, तर पर्समधून मोबाईल काढला आणि उभ्या उभ्या, पाठ झालेलं ते अख्खं पत्र दोन अंगठ्यांनी लिहून मॅडमचा नंबर मागून त्यावर पाठवलं. मॅडमनी शेवटपर्यंत वाचलं. चूक नव्हती. बाई वाईट नव्हत्या, फोन घेऊन साहेबांच्या केबिनीत गेल्या. काचेतून दिसत होतं, साहेबही स्वतःच्या मोबाईलमध्येच होते. त्यांनी हा मोबाईल पाहिला, नकारार्थी मान हलवली आणि परत आपल्यात बुडाले. साऱ्या जगाचा कारभार अंगठ्यावर चाललाय, अडलं होतं ते हिचंच.

"मोबाईलवर सगळ्यांनाच येतं हो," बाहेर येऊन मॅडम म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

फाटकाबाहेर आली तोच मंगेशचा फोन. उचलू नये असं तिला वाटलं, पण तो पडल्यापासून त्याचा फोन तिनं कधी टाळला नव्हता. सगळा लिवला, ती म्हणाली, एक चूक नाय केली, पन त्यात ऱ्हायलाच नाय. त्याला हे नीटसं कळलं नाही, पण कळायचं ते कळलं. 

"आयेला काय सांगू नको," तो म्हणाला. "दवाखान्यात तेवढा फोन कर. ती तारीख दुसऱ्या कुनाला देऊन टाका म्हनावं. कुनाच्या तरी कामाला यील."

घरात जास्तीची झालेली भाजी शेजारी द्यावी तितक्या सहज तो बोलला. श्रुतिका तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन बसली. कारखान्यांच्या बसगाड्या धुरळा उडवत बाजूनं जात होत्या आणि तिला आपल्याच हातांचा, आपल्याच शहाणपणाचा इतका राग आला की ते अंगठे ठेचून टाकावेत असं वाटलं.

"तुमची तारीख मी कुनाला देनार नाय," ती म्हणाली. "ऐकलंव काय? नाय देनार."

पलीकडून नुसता अडखळता श्वास ऐकू येत होता. फोन चालूच होता. तो रडतोय की काय ते तिला ओळखता येईना, कारण लग्न झाल्यापासून तिनं त्याला रडताना कधी ऐकलं नव्हतं.