आर्लिसच्या न्हाणीघराखाली

मला कुणी पाहत नाही, तेव्हा ओळख मीच करून देतो. मी आर्लिस आणि वर्ना यांच्या न्हाणीघराखालचा लाकडी वासा.

आमचं घर कारखान्यात तयार झालं आणि ट्रकमागे चाकांवरून केंटकीच्या या डोंगरात आलं. माझ्यावर भुसा दाबून केलेली फळी. खाली उबेसाठी भरलेला कापूस आणि तो सावरणारं काळं प्लास्टिक.

आर्लिस फार जपणारा माणूस. हिवाळ्याआधी तो घराखाली सरपटत यायचा आणि प्लास्टिक जिथे फाटलं असेल तिथे चिकटपट्टी लावायचा, उंदीर शिरू नयेत म्हणून. मला फार बरं वाटायचं. आमच्याकडे खाली दुसरं कोण येतं?

मग कमोडच्या बुडाशी पाणी झिरपू लागलं. फळी फुगली, मऊ पडली. वर्नाने तिथे पायपुसणं टाकलं. पाहुण्यांना सांगायची, "डावीकडून जा बरं."

या वसंतात आर्लिसचं एक अंग लुळं पडलं. इस्पितळातल्या बाई घर पाहून गेल्या. "चाकांची खुर्ची इथे खचेल. शुक्रवारपर्यंत जमीन पक्की झाली नाही, तर त्यांना घरी सोडता येणार नाही. वृद्धाश्रमात ठेवावं लागेल."

वर्नाने भाच्याला, डेन्झिलला बोलावलं. त्याने फळी कापली.

"मावशी, हिचा भुगा झालाय. दूध घालून खाता येईल."

"खा मग. घेवडा शिजायला वेळ आहे."

तो घराखाली आला, प्लास्टिकला चीर दिली, आणि बादल्या भरतील एवढं पाणी त्याच्या अंगावर कोसळलं.

"कुणी हे असं बंद केलंय? पाणी खाली टपकलं असतं तर केव्हाच कळलं असतं."

वर्ना कापलेल्या भोकातून खाली वाकली.

"तुझ्या काकांनी," वर्ना म्हणाली. "त्यांना सांगू नकोस."

"मी काय सांगणार? त्यांनी चांगल्यासाठीच केलं."

मग त्याने पेचकस माझ्या अंगात खुपसला. मी घाबरलो होतो. सडलो असेन तर मला काढायला आणखी दिवस लागणार होते, आणि शुक्रवार जवळ आला होता. पेचकस नखभर आत गेला आणि थांबला.

"हा टिकेल," डेन्झिल म्हणाला. "सोबतीला एक जोडतो."

दोन दिवस पंखे लावून त्याने मला वाळवलं. गळती बंद केली. सडू नये म्हणून औषध पाजलेला, उग्र दर्पाचा एक नवा वासा जोडीदार म्हणून माझ्या अंगाला बोल्टने आवळला आणि वर जाड प्लायवूड ठोकलं. गुरुवारी त्या बाई पुन्हा आल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि कागदावर सही केली.

शुक्रवारी खुर्चीची चाकं आली. आर्लिस बेसिनपुढे थांबला, बरोबर माझ्यावर. वर्ना त्याची दाढी करू लागली.

"जमीन घट्ट वाटते," तो तोंड वाकडं करत म्हणाला.

"बोलू नका. कापेल."

डेन्झिल, तुझे आभार. तू मला फेकलं नाहीस. आणि आर्लिस, तू आता खाली येणार नाहीस, ते मला समजतं. इतकी वर्षं आलास, पुष्कळ झालं. आता निवांत बस. सगळा भार टाक. खाली आम्ही दोघे आहोत.