वाटीतलं तेल

"आई, माझ्या केकमध्ये तू काय घातलंस?"

हा प्रश्न घरी विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या दोघी मैत्रिणींनी, उंच उंटीण आणि चिमुकल्या चिमणीनं, लावली होती. "तुझी हिंमतच नाही," म्हणे. आता दोघी जिन्यात कान लावून उभ्या होत्या. मी दप्तरसुद्धा न उतरवता विचारलं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी काय घालणार बाई? तूच तर केलास."

"मी तेल मोजलं होतं. त्याचा दगड कसा झाला? स्टाफरूमच्या फ्रिजमधून काढला, तर सुरी मध्येच अडकली. खेळाचे सर म्हणाले, 'हा केक आहे की गोळाफेकीचा गोळा?' अख्खी स्टाफरूम हसली, आई!"

तो नमुन्याचा केक होता. आवडला असता, तर मोठ्या बाईंच्या निरोपाचा केक मीच करणार होते. आता म्हणे बाहेरून मागवायचा.

तेलाचा केक फ्रिजमध्येही मऊ राहतो, बटर मात्र गारठलं की घट्ट बसतं. हे मी कितीतरी केक बिघडवून शिकलेय. म्हणून तर वाटीत तेल काढून ठेवलं आणि केस बांधायला आत गेले. तेवढ्यात आईनं डाव साधला! वाटी पिठात ओतताना मला बटरचा वास आला होता. "भांड्याला बटर लावलंय गं," आई म्हणाली. मी बावळट, विश्वास ठेवला. वितळलेलं बटर काय आणि तेल काय, पिवळं ते पिवळंच!

आईनं टॉवेल खाली ठेवला. "तेलाचा केक शाळेत पाठवायचा? लोक काय म्हणतील? यांच्या घरी बटरसुद्धा नाही? तुझ्या भल्यासाठीच बदललं मी."

"भल्यासाठी होतं, तर माझी पाठ वळल्यावर का?"

"जाऊ दे ना गं," बाबा पेपराआडून म्हणाले. "चुकून झालं असेल."

"चुकून मीठ जास्त पडतं, बाबा! वाटी रिकामी करून दुसरं भरणं चुकून होत नाही!"

जिन्यातून चिमणीची शिट्टी आली. आईचे डोळे भरले. एरवी मी इथेच ढेपाळते आणि वर माफीही मागते. आज नाही म्हणजे नाही.

"ऐका दोघंही. उद्या दुसरा नमुना आणते, असं मी सरांना सांगून आलेय. तो आत्ता करणार. तेलाचाच. होईपर्यंत स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही, चहासाठीसुद्धा नाही. आणि आई, उद्या तू माझ्याबरोबर शाळेत यायचंस. सगळ्यांनी खाऊन विचारलं ना, यात काय घातलंय, की मोठ्यानं तू सांगायचंस. तेल!"