पुडीचा उतरलेला भाव

छापा पथकाच्या साहेबांचं शहरभर नाव होतं. वर्षात एकशे बारा धाडी म्हणजे काही खायचं काम नव्हतं. त्यामुळे नोंदी ठेवणाऱ्या बाई, ज्यांना अख्खं ठाणं मुंगीबाई म्हणायचं, एका सकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन समोर बसल्या, तेव्हा साहेब घड्याळाकडे बघतच ऐकू लागले.

बाईंनी तीन वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. मोठी धाड पडली की नशेच्या पुडीचा भाव दुप्पट होई, आणि त्याच पंधरवड्यात घरफोड्या वाढत. महिन्याभरात नवा विक्रेता उभा राही, भाव पुन्हा होता तिथे.

साहेबांचा पारा चढला. आमची माणसं जिवावर उदार होतात ती चोऱ्या वाढवायला का, असं त्यांनी विचारलं.

"ज्याला सुटतच नाही, तो महाग झालं म्हणून सोडत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "तो जास्त चोरतो. व्यसन सोडवायच्या दवाखान्यात नंबर लागायला अकरा आठवडे थांबावं लागतं. एकदा जाऊन बघा."

साहेब गेले, पण बाईंना खोटं पाडायला. व्हरांड्यातल्या बाकावर एक गवंडी होता. साहेबांनीच त्याला चारदा पकडलं होतं. त्याने सरकून जागा दिली आणि सांगितलं, नाव नोंदवायची ही तिसरी खेप. नंबर लागेपर्यंत धीर सुटतो. साहेब त्याच्या शेजारी बसले.

पुढच्या बैठकीत त्यांनी आपणहून धाडींचा निम्मा निधी दवाखान्याला द्यायला सांगितलं. पथकाची तोंडं उतरली. वरिष्ठांनी कुरकुरत वर्षभराची मंजुरी दिली.

सात महिन्यांनी पुडीचा भाव कोसळला. धाडी कमी केल्यात म्हणून माल वाढला, असं म्हणत वरिष्ठांनी साहेबांना धारेवर धरलं. त्यांनी बाईंना आत बोलावलं.

बाईंनी खबऱ्यांनी कळवलेल्या विक्रीचा रकाना पुढे केला. "माल वाढला असता तर खप वाढला असता. खप निम्म्यावर आलाय, घरफोड्याही घटल्यात. दवाखान्यात आता आठवड्याभरात नंबर लागतो. विकणारे तेवढेच आहेत, गिऱ्हाईक आटलंय."

वरिष्ठांनी रकाना दोनदा वाचला. मग ही कल्पना कोणाची, असं वरिष्ठांनी विचारलं.

"यांची," साहेब उभे राहून म्हणाले. "मी ऐकायला उशीर केला, एवढंच माझं."

निधी कायमचा झाला. साहेब दर महिन्याला खुर्ची ओढून बाईंच्या टेबलाशी बसू लागले, आणि एखादा आकडा कळला नाही तर सगळ्यांदेखत विचारू लागले.