येणाऱ्यासाठी ठेवलेली खुर्ची

मी एक जुनी, वेताची, बुटकी खुर्ची आहे. उंचीला जेमतेम गुडघ्याएवढी. मित्रांनो, खुर्ची म्हटली की तुम्हाला तिच्यासाठी भांडणारी माणसं आठवत असतील. माझ्यासाठी कुणी कधी भांडलं नाही. उलट मी नुसती रिकामी उभी होते, तेवढ्यानेच एक भांडण मिटलं, आणि त्या दिवसापासून मी शिक्षिका झाले. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका इस्पितळात मी वीस वर्षं डॉक्टरांना शिकवलं. हे सांगताना माझा वेत अजूनही ताठ होतो.

माझा जन्म तिथल्या अमीस आदिवासींच्या एका वस्तीत झाला. सावमा नावाच्या नर्सच्या वडिलांनी डोंगरातून काटेरी वेत आणला, सोलला, वाळवला आणि बसून बसून मला विणलं. इस्पितळातल्या लोखंडी खुर्च्या उंच. म्हाताऱ्यांच्या पायांच्या जखमा बांधताना सावमाची कंबर धरायची. वडील म्हणाले, "पायाला पट्टी बांधतेस ना? मग पायाशी बसायला शीक." तेव्हापासून मी पट्टीच्या खोलीत राहू लागले. सावमा खाली बसली की म्हाताऱ्या बायका मान वाकवून तिच्याशी बोलायच्या आणि डॉक्टरांपासून चोरून ठेवलेलं सगळं तिला सांगून टाकायच्या.

एका सकाळी चार वर्षांच्या ओसायला तिच्या आईवडिलांनी उचलून आणलं. पोर पोट धरून कण्हत होती. तैपेईहून नुकतेच आलेले डॉक्टर श्यू तिला तपासत होते. हुशार माणूस, पण जिभेवर कायम घाई. अपेंडिक्स सुजलं होतं. ते फुटायच्या आत कापायला हवं होतं. श्यूंनी संमतीचा कागद मुलीच्या वडिलांपुढे, उनाकपुढे, धरला.

"तुम्ही वडील ना? करा सही."

उनाक आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"अहो, मुलगी तुमचीच आहे ना?"

"मुलगी हिच्या घरची आहे," तो पुटपुटला.

मागे आई, इपाय, ओसायला मांडीवर घेऊन बसली होती. एक हात पोरीच्या कपाळावर, नजर तिच्या वरखाली होणाऱ्या छातीवर. ती एकेक श्वास मोजत होती. तिच्याकडे श्यूंनी पाहिलंसुद्धा नाही.

"असा बाप मी जन्मात बघितला नाही!" श्यूंचा आवाज चढला. "सही करायची नसेल तर मी बालकल्याणवाल्यांना बोलावतो. मग त्यांना सांगा मुलगी कुणाची ते!"

इपायने मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि पायाने चप्पल चाचपली. पोर आपल्याकडून काढून घेतील या धास्तीने ती निघालीच होती. ती दाराबाहेर पडली असती तर ओसायचं काय झालं असतं, याचा विचार मला आजही सोसत नाही.

तेवढ्यात सावमाने मला उचललं, आत आणलं आणि पलंगाशेजारी रिकामंच ठेवलं.

"इपाय, कुणाची वाट बघायची गं?"

"दादाची," इपायच्या तोंडून शब्द फुटला. "समुद्रावर गेलाय. दुपारी येईल."

"मग ही त्याची जागा. बस तू."

इपाय पोरीला घेऊन पलंगावर बसली. पायातली चप्पल तिने पुन्हा काढली, ते मी पाहिलं.

सावमाने श्यूंना दारापाशी ओढलं. "डॉक्टरसाहेब, आमच्यात नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. लेकरांच्या मोठ्या गोष्टी मामाला विचारल्याशिवाय होत नाहीत. तुम्ही नेमकं जावयालाच गाठलंत बिचाऱ्याला! तुमच्या सासूबाईंच्या घरात तुम्ही फर्मान काढता का?"

"मी? छे, छे!" श्यू दचकले.

"मग त्याला कशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत?"

"पण दुपारपर्यंत थांबता येणार नाही हो."

"मग बंदरावर फोन करा. तिथून होडीला निरोप जातो. तोवर आईला विचारून सलाईन लावा, तयारी करा. वाट बघायची म्हणजे हात बांधून थोडंच बसायचं असतं?"

श्यूंनी स्वतः फोन केला. मग पहिल्यांदाच ते इपायसमोर उभे राहून तिच्याशी बोलले. तिने मान डोलावली, तेव्हा सलाईन लागलं.

दीड तासाने लेकालमामा आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाहीला माशांचे खवले. तो माझ्यावर बसला तशी मी चांगलीच करकरले. श्यू उभ्यानेच सांगू लागले. मामाची मान वर करून करून अवघडली. शेवटी श्यूच उकिडवे बसले. डॉक्टरांनी खाली बसावं यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नाही, याचा मला फार अभिमान आहे.

सगळं ऐकून मामाने विचारलं, "कापायला तूच ना?"

"मीच."

"सकाळपासून काही खाल्लंस?"

श्यू गोंधळले. "नाही."

"घ्या! पोरीचं पोट उघडायला निघालाय आणि ह्याचंच पोट रिकामं! इपाय, माझ्या डब्यातला चिकट भात दे याला. उपाशी हात थरथरतो."

उनाकसुद्धा हसला. श्यूंनी मूठभर भात खाल्ला, इपायने सही केली, आणि ओसाय आत गेली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. सातव्या दिवशी ती माझ्यावर उभी राहून खिडकीबाहेरची कबुतरं मोजत होती.

त्यानंतर दरवर्षी नवे विद्यार्थी आले की श्यू मला वर्गात मधोमध ठेवत आणि आपली चूक न लपवता सांगत. विद्यार्थी भराभर लिहून घेत. एकाने तर सगळ्यांसाठी चिठ्ठ्याच छापल्या : 'अमीस रुग्ण असेल तर मामाला बोलवा.' मला वाटलं, झालं, शिकले!

कसलं काय! पुढच्याच आठवड्यात आरिक नावाची अमीस शाळामास्तरीण गाठ दाखवायला आली. विद्यार्थ्याने मला पुढे सरकवत विचारलं, "तुमचे मामा कधी येणार?"

"मामा?" ती कडाडली. "दहा वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. गाठ माझी, डोकं माझं. माझ्याशी बोला की! आणि वाट बघायचीच असेल तर माझ्या मैत्रिणीची बघा, ती खाली गाडी लावतेय."

श्यूंनी त्या चिठ्ठ्या गोळा करून टोपलीत टाकल्या. "सावमाने इपायला आपणहून मामाचं नाव सुचवलं नव्हतं," ते म्हणाले. "तिने विचारलं होतं."

तेव्हा मलाही माझाच धडा नीट कळला. मी मामाची खुर्ची नव्हतेच. पुढे माझ्यावर कोण कोण बसलं म्हणून सांगू! एका आजीला पोटची तीन मुलं होती, पण कुणाची वाट बघायची असं विचारल्यावर तिने नाव घेतलं ते तिला सांभाळायला इंडोनेशियाहून आलेल्या सितीचं. सिती तिला रोज न्हाऊमाखू घालायची. इस्पितळात आजवर तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. माझ्यावर ती अगदी कडेला टेकली आणि आजी कोणती गोळी गुपचूप थुंकून टाकते, ते तिनेच सांगितलं.

मग नवी इमारत झाली. चाकांच्या खुर्च्या आल्या. सावमा निवृत्त झाली. माझा मान म्हणून मला दर्शनी दालनात काचेच्या कपाटात ठेवलं आणि पाटी लावली : 'बसू नये.' मित्रांनो, खुर्चीला याहून मोठी शिक्षा कोणती? लोक माझे फोटो काढत आणि पुढे जात. माझा वेत कोरडा पडला, एका कोपऱ्यात सुटला. तीन वर्षं मला कुणाची ऊब मिळाली नाही.

गेल्या महिन्यात काचेतूनच मी एक चाकांची खुर्ची येताना पाहिली. तीत लेकालमामा होता. केस पांढरे, पायाला चिघळलेली जखम. दोन बोटं कापावी लागणार होती. एक तरुण डॉक्टरीण हातातल्या टॅबवर फॉर्म भरत होती. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. आता ही सही मागणार, मला वाटलं. माझा जीव टांगणीला लागला.

तिने टॅब बाजूला ठेवला, ती गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आजोबा, कुणाची वाट बघायची आहे?"

"भाचीची," मामा म्हणाला. "बसमध्ये आहे."

श्यू तिथेच होते. त्यांनी किल्ली मागवली, कपाट उघडलं आणि मला मामाच्या पायाशी ठेवलं. रिकामी.

ओसाय धावत आली. सत्तावीस वर्षांची, अगदी इपायसारखी. ती माझ्यावर बसली, मामाचा पाय तिने मांडीवर घेतला, डॉक्टरणीचं सगळं ऐकलं, मामाशी बोलली. मग पिशवीतून डबा काढत तिने विचारलं, "डॉक्टर, सकाळपासून काही खाल्लंत का?"

मामा एवढा हसला की चाकं हलली.

आता मी पुन्हा पट्टीच्या खोलीत आहे. मित्रांनो, जुनी वस्तू काचेत ठेवून जपली जात नाही. तिचा सुटलेला वेत विणा आणि तिच्यावर बसा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं, तर आजाऱ्याच्या उशाशी एक जागा रिकामी ठेवा. ती कुणाची, हे मात्र तुम्ही ठरवू नका. त्यालाच विचारा.