फाटकापर्यंत गेलेली बाई

पुतणीने मला दोन अटींवर बरोबर नेलं. तोंड उघडायचं नाही आणि भुवई उंचावायची नाही. आयुष्यभर वर्तमानपत्रात लोकांची टर उडवून निवृत्त झालेल्या माणसाला पहिली अट कशीबशी जमते. दुसरीसाठी मी टोपी खाली ओढून घेतली.

मेरिझेल माझ्या धाकट्या भावाची मुलगी. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते आणि पहाटे कादंबरी लिहिते. पहिलीच कादंबरी, तीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी, तीही खुनाची. मी तिला सांगून पाहिलं होतं की या वयाच्या माणसांना घाबरवणं अवघड असतं, त्यांनी गणिताच्या शिक्षिका जवळून पाहिलेल्या असतात. तिने ऐकलं नाही. लेखक होण्याचं हे पहिलं लक्षण तिच्यात होतं.

आमच्या इलोइलो शहरातलं ते छोटं प्रकाशन एका बेकरीच्या माडीवर आहे. त्यामुळे तिथून परत आलेल्या हस्तलिखितांनाही खमंग वास येतो. मालकीण आणि संपादक एकच, मॅम कॉन्सिंग. त्यांची पद्धत ठरलेली. मुलांसाठीचं पुस्तक आधी सात मुलांना द्यायचं, पण शेवटचं प्रकरण काढून. आठवड्याने शनिवारी दुपारी सगळ्यांना माडीवर बोलवायचं आणि एकेकाला विचारायचं, खुनी कोण. सातांतल्या दोघांनी ओळखला तर चालतं. तिसऱ्याने ओळखला की पुस्तक बाद.

मेरिझेलचं हे दुसरं वाचन होतं. पहिल्या वेळी पोरांनी खुनी तिसऱ्याच प्रकरणात पकडला होता आणि उरलेली दुपार बिस्किटं खाण्यात घालवली होती. मॅम कॉन्सिंग कुणालाही तिसरं वाचन देत नाहीत. मेरिझेलच्या आईने मात्र पुस्तक छापून आल्याचं गल्लीभर सांगून टाकलं होतं.

कथा थोडक्यात अशी. समोरच्या ग्विमारास बेटाकडे निघालेली मेलेसियो म्हाताऱ्याची मोटारहोडी मध्येच पेटते. जे हाती लागतं ते दाखवण्यासारखं नसतं, म्हणून शवपेटी बंदच ठेवतात. घरात जागरणं सुरू होतात. माणसांची ये-जा, कॉफी, बिस्किटं, पत्त्यांचे डाव. या गर्दीत म्हाताऱ्याची नात आयलीन खुनी शोधत फिरते. खुनी असतो चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा नोनाटो. त्याचं एक गुपित मेलेसियोला ठाऊक होतं, म्हणून त्याने होडीची पेट्रोलची नळी सैल केलेली असते. हे सगळं शेवटच्या प्रकरणात कळतं, आणि ते प्रकरण मॅम कॉन्सिंगच्या मांडीवर पालथं पडलं होतं.

"थेआ, तू सांग," मॅम म्हणाल्या.

थेआ दातांना तार लावलेली मुलगी. "नोनाटो," ती म्हणाली. "फार गोड बोलतो. आणि मॅम, अजून एक. ती आयलीनची आजी, लोला पासिंग, रोज रात्री गेलेल्या नवऱ्यासाठी ताट काढून ठेवते आणि सकाळी ते मांजराने चाटून पुसून साफ केलेलं असतं. हे चार वेळा आलंय. एकदा सांगितलं की कळतं आम्हाला."

हेच मी मेरिझेलला म्हणालो होतो. तेव्हा पानं कमी पडत होती म्हणे.

"पुढे. किर्बी."

"नोनाटो," किर्बी म्हणाला. "ऑर्गन वाजवणाऱ्याला मोटारीतलं कळतं हे कशाला सांगितलंय मग?"

दोन झाले. मेरिझेलने माझं मनगट धरलं. तिची नखं वाढलेली होती आणि मला ओरडायला बंदी होती. बेकरीतून पावाचे ट्रे ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. आता एकानेही ते नाव घेतलं की आम्ही दोघं जिना उतरून घरी जाणार होतो, आणि उद्यापासून गल्लीतली प्रत्येक बाई पुस्तक मागायला येणार होती.

"यानी."

यानी शेवटच्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. बिस्किट चावणं तिने थांबवलं नाही. "नो…" ती म्हणाली.

मेरिझेलचा श्वास थांबल्याचं मला मनगटात कळलं.

"नो, मॅम, मला नाही पटत तो," यानीने घास गिळला. "लोला पासिंग. तिनेच केलंय."

"आजीने?" किर्बी हसला. "ती सत्तर वर्षांची आहे. होडीत चढताना तिला दोघं धरतात."

"अरे, तू अकरावं प्रकरण वाचलंस का झोपलास? नोनाटो जागरणाहून निघतो, पाऊस असतो, आणि ती छत्री घेऊन त्याला फाटकापर्यंत सोडायला जाते. कडी स्वतः लावते."

यानीने दुसरं बिस्किट उचललं.

"मयताच्या घरातलं माणूस पाहुण्याला फाटकापर्यंत सोडत नाही," यानी म्हणाली. "सोडलं की घरात दुसरं मरण येतं. आमच्या आजोबांच्या वेळी बिशप आले होते, आईने त्यांनासुद्धा खुर्चीतून हात हलवला. आणि ही बाई छत्री घेऊन जाते. का? कारण तिला घाबरायचं कारण नाही. तिचा त्या नवऱ्यावर जीवच नव्हता, त्याच्या मरणाचे नियम ती कशाला पाळेल?"

"बाप रे, खरंच की," थेआ म्हणाली. "मी बदलू का मॅम? माझं पण उत्तर आजी."

किर्बीनेही बदललं. पुढच्या चौघांनी वेगळं काही म्हटलं नाही. सातच्या सात मुलांनी एका निरपराध म्हातारीला फासावर दिलं. पुस्तक बचावलं होतं.

मी पुतणीकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती.

रिवाज तिला ठाऊक नव्हता असं नाही. माझा भाऊ गेला तेव्हा ही पोर सगळ्या रात्री दाराच्या आत बसून होती, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. पण बाराव्या प्रकरणात आयलीनला ते फाटक उघडं सापडायला हवं होतं. त्यासाठी ते अकराव्यात कुणीतरी बंद करायला हवं होतं, आणि त्या वेळी ओट्यावर आजी मोकळी उभी होती. खुनाची गोष्ट लिहिणाऱ्याला शेवटी शेवटी माणसं दिसेनाशी होतात, नुसत्या कड्या आणि बिजागऱ्या दिसतात. मीही ते प्रकरण वाचलं होतं. मला छत्री आवडली होती.

मॅम कॉन्सिंगनी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. त्या चांगलं वाचतात. नोनाटो ऑर्गनमागच्या अंधारात सापडला, आयलीनने दिवा लावला, पोलीस आले. मुलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग फाटक?" यानी म्हणाली.

"कसलं फाटक?" मॅमनी विचारलं, जरी त्यांना ठाऊक होतं.

"आजी का गेली फाटकापर्यंत? ते कुठेच नाही आलं."

"राहिलं असेल," किर्बी म्हणाला. "मोठी माणसं विसरतात."

"विसरली असेल तर हे पुस्तक मी कुणाला वाच म्हणून सांगणार नाही," यानी म्हणाली. रागाने नाही, हवामान सांगावं तशी.

मॅमनी कागद सरळ केले. "मेरिझेल, नियमाने तू पास आहेस. पण चकवलं तर मी छापते, फसवलं तर नाही. ही मुलं विचारताहेत ते मीही विचारते. ती बाई फाटकापर्यंत का गेली?"

खरं उत्तर होतं, कडी लावायला. ते दिलं असतं तर दोन वर्षांच्या पहाटा तिथेच संपल्या असत्या. काहीच न देणं हेही तेच होतं. माझ्या जिभेवर तीन विनोद आले आणि तिन्ही मी गिळले. भिंतीवरचा पंखा एकदा आमच्याकडे वळला, एकदा मुलांकडे. मेरिझेलने माझं मनगट सोडलं आणि हात मांडीवर ठेवले. अकराव्या प्रकरणातला तो ओटा तिला समोर दिसत असावा, कारण ती भिंतीकडे बघत होती. छत्री, पाऊस, म्हातारी.

"यानी बरोबर सांगतेय," ती हळूच म्हणाली. "पासिंगला दुसऱ्या मरणाची भीती नव्हती."

"का?"

"पहिलंच झालं नव्हतं."

यानीच्या हातातलं बिस्किट तिथेच राहिलं.

"म्हणजे मेलेसियो…" थेआ म्हणाली.

"पेटी बंद होती. कुणी पाहिलं त्याला?"

"मग पेटीत काय आहे, मानांग?" किर्बीने विचारलं. इतका वेळ तिला तो लेखिका म्हणत होता, आता थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारली.

"केळीचा बुंधा," मेरिझेल म्हणाली.

इथल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. चेटकिणी माणूस पळवतात आणि त्याच्या जागी केळीचा बुंधा निजवून जातात, हे ऐकत ती मोठी झालेली असतात. थेआने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. दिवसाउजेडी, बेकरीच्या वर.

"पण मग नोनाटोने…"

"नोनाटोने नळी सैल केली. त्याला वाटतंय काम झालं. झालं नाही, हे त्या घरात एकाच बाईला माहीत होतं, आणि नळी कुणी सैल केली असेल याचा तिला संशय होता. म्हणून ती त्याच्याबरोबर छत्रीखाली चालत गेली. जवळून तोंड बघायला."



"शेवटचं प्रकरण मी आत्ताच वाचलं," मॅम कॉन्सिंग म्हणाल्या. "त्यात हे नाही."

"ते शेवटच्या आधीचं आहे, मॅम."

"आणि शेवटचं?"

"घरी आहे."

इथे माझी दुसरी अट मोडली. टोपी होती म्हणून निभावलं.

मॅमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. प्रकाशन चालवून माणसाला खोटं ओळखता येतं, आणि कधी कधी ते विकत घ्यावंसंही वाटतं. "महिन्याने आण," त्या म्हणाल्या. "ही सातही पुन्हा येतील. त्यांना पटलं तर छापते."

"घरी आहे तर महिना कशाला?" किर्बीने विचारलं.

"शुद्धलेखनाला," मॅम म्हणाल्या.

यानी जिन्यापर्यंत आमच्या मागे आली. "मानांग, तो कुठे लपलाय तेवढं सांगा ना. मी कुणाला नाही सांगणार."

"महिन्याने," मेरिझेल म्हणाली आणि कठडा घट्ट धरून उतरली.

परतीच्या जीपनीत लांब बाकांवर आम्हाला समोरासमोर जागा मिळाली. गुडघ्याला गुडघा लागत होता. ला पाझचा बाजार मागे पडल्यावर तिने काकाला हाक मारली.

"तियो."

"हं."

"कुठे लपलाय तो?"

"मला तोंड उघडायची बंदी आहे."

"ती माडीवर होती. सांग ना. घरात रोज शंभर माणसं, माळ्यावर पत्रे, मागे डुकरांचा गोठा. कुठे ठेवू मी त्याला? आणि आधीच्या प्रकरणांत कुठेच त्याचा माग नाही. यानी सोडणार आहे का मला?"

"कुठेही ठेव," मी म्हणालो. "फक्त म्हातारा माणूस आहे. आमच्या वयात रात्रीचं जेवण चुकवून चालत नाही."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. एका थांब्यावर माणसं चढली, दुसऱ्यावर उतरली. मग तिने पिशवीतून पेन काढलं, तळहातावर काहीतरी लिहिलं आणि तो हात मुठीत धरून बसली.

"त्या ताटाजवळचं मांजर काढावं लागेल," ती म्हणाली.