कागदाला सोडलेलं मार्जिन

माझ्या नणंदेच्या बालवाडीला पानगळीची सजावट हवी होती आणि आमच्या ह्यांना कात्री धरायला निमित्त हवं होतं. बहीणभावांनी परस्पर ठरवून टाकलं. मला कोण विचारतंय? शिलाईच्या टेबलावर लाल, पिवळे, विटकरी घोटीव कागद पसरले. नणंदेनं पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिलीनं पानं आखली आणि हे कापायला बसले.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांनी कात्री हातात घेतली नव्हती. त्याआधी सगळी गल्ली ह्यांना टेलर मास्तर म्हणायची. आता दुकान बंद करा, स्वतःला फसवू नका, म्हणून मी रोज भांडत होते आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. टेबलाच्या कडेला गल्लीतल्या घड्याळवाल्याचं निळं कापड घडी करून ठेवलेलं होतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याला ह्यांच्याच हातचा कोट घालायचा होता. जमणार की नाही, ते विचारायला तो आज संध्याकाळी येणार होता. कागद साधला तर कापडाला हात घालायचा, असं ह्यांनी मनाशी घेतलं होतं. बोलले नव्हते, पण मला कळत होतं.

मी समोर बसून कापलेल्या पानांवर स्पंजानं तपकिरी रंग टिपत होते. चार-पाच पानं झाल्यावर पाहिलं, तर एकही रेषेवर कापलेलं नव्हतं.

"अहो, सगळं रेषेच्या बाहेरून जातंय."

"शिलाईला मार्जिन सोडलंय."

"कागदाला?"

"जन्मभर सोडलं. आता कागद बघून हात थोडाच ऐकणार?"

नणंद खो खो हसायला लागली. "दादा, पानं शिवायची नाहीयेत रे, चिकटवायचीत!"

हेही हसले, अर्ध्या तोंडानं. माझा जीव भांड्यात पडला. हात गेलेला नव्हता तर, शिंप्याचाच राहिला होता. नणंद रंग वाळलेली पानं दोऱ्याला चिकटवायला आतल्या खोलीत गेली आणि मी मजेत पुढचं पान उचललं.

काजं-बटणं करण्यात माझाही जन्म गेलाय. मार्जिन कुठूनही मोजा, सारखं असतं. ह्या पानाला एका बाजूला बोटभर होतं, दुसऱ्या बाजूला जेमतेम दोराभर, आणि एका खाचेत कात्री आत घुसून टोकच उडालं होतं. मी उरलेली पानंही बघितली. सगळी तशीच. ह्यांना दिसू नये म्हणून मी घाईघाईनं पेन्सिलीच्या रेषांवर जाड रंग फासायला लागले.

"एवढा रंग कशाला? बघू."

"छान आलंय."

"तू कधीपासून माझं कौतुक करायला लागलीस?"

त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं, खिडकीकडे धरलं आणि डावा अंगठा कडेवरून फिरवला. गिऱ्हाइकाच्या कॉलरवरून फिरवायचे तसाच. मग पान खाली ठेवलं. उजव्या हातात अडकलेली कात्री डाव्या हातानं सोडवली.

संध्याकाळी घड्याळवाला आला. आणखी आठ दिवस द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण हेच आधी बोलले.

"कापड घेऊन जा. माझा हात गेला. कोट माझ्याच्यानं होणार नाही."

जे ह्यांनी कबूल करावं म्हणून मी डोकं फोडत होते, तेच ते बोलले होते, तेही परक्यासमोर, सरळ बसून. आणि मला ते ऐकवेना. घड्याळवाल्यानं मान खाली घालून कापडाला हात लावला, तर मी दुसऱ्या बाजूनं घडी धरून ठेवली. "राहू द्या," मी म्हणाले. "राहू द्या हो इथेच." रडू आवरत नव्हतं. तो बिचारा नुसता उभा राहिला.

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सोड," ते म्हणाले. "लग्न तोंडावर आलंय त्यांच्याकडे. त्यांना दुसरा शिंपी बघायला वेळ नको?"